अर्धा किलो चिकन, पाच ताटे : प्रोटीन मोजायचे कसे?

मागच्या महिन्यात विहारात आरोग्य तपासणी ठेवली होती. वजन, रक्तदाब, साखर तपासून झाल्यावर नेहमीप्रमाणे आम्ही खाण्यापिण्याबद्दल बोलायला बसलो. तेवढ्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा पुढे आला. सहा महिन्यांपासून जिमला जातो. म्हणाला, "जयभीम ताई. मी रोज दोनशे ग्रॅम चिकन खातो. मोबाईलमध्ये बासष्ट ग्रॅम प्रोटीन दाखवतं. तरी अंगाला लागत नाही. पावडरचा डबा घेऊ का? हप्त्यावर मिळतोय."

त्याच्या मागे त्याची आई उभी होती. हात फिके, बोलताना धाप लागत होती. आम्ही विचारले, "काकू, तुम्ही किती चिकन खाता?" त्या हसल्या. "मला कशाला फोडी? मी रस्सा घेते की. सगळी ताकद रश्श्यातच असते."

मुलाने मोजले, पण चुकीचे मोजले. आईने मोजलेच नाही. या दोन्ही चुका आपल्या घराघरांत होतात. म्हणून या वेळी आम्ही एवढाच विषय घेतला आहे : मटण, चिकन, मासे यांतले प्रोटीन घरच्या घरी कसे मोजायचे, आणि ते कोणाच्या ताटात किती जाते.

शंभर ग्रॅम मांस म्हणजे शंभर ग्रॅम प्रोटीन नव्हे

प्रोटीन म्हणजे प्रथिने. स्नायू, रक्त, केस, कातडी या सगळ्यांची बांधणी प्रथिनांतून होते. जखम भरून येते ती त्यांच्यामुळे, आणि आजाराशी लढणारी शरीरातली फौजही त्यांचीच बनलेली असते. मांस हे चांगल्या प्रतीच्या प्रोटीनचे अन्न आहे, यात शंका नाही. पण मांस म्हणजे निव्वळ प्रोटीन नव्हे.

बिनहाडाच्या कच्च्या मांसात जवळपास तीन-चतुर्थांश पाणी असते. साधारण पाचवा भाग प्रोटीन असते. उरलेल्यात चरबी आणि थोडे क्षार येतात. म्हणजे १०० ग्रॅम कच्च्या बिनहाडी चिकनमध्ये किंवा मटणात सुमारे २० ग्रॅम प्रोटीन मिळते. कोंबडीच्या छातीचे मांस असेल तर २२-२३ ग्रॅम, मांडीचे असेल तर १८ ते २०. म्हशीच्या मांसातही १९-२० ग्रॅमच असते. बोकडाचे मटण महाग म्हणून त्यात प्रोटीन जास्त, असे अजिबात नाही. चरबीचे तुकडे जास्त आले तर उलट कमीच भरते.

कच्चे तोलले की शिजलेले?

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. चिकन शिजवायला ठेवले की ते आक्रसते, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. पातेले भरून टाकलेले मांस शिजल्यावर बुडाशी बसते. ते आक्रसते कारण त्यातले पाणी निघून जाते. शिजताना मांसाचे वजन पाव ते एक-तृतीयांशाने घटते. सुके केले तर जास्त, रश्श्यात शिजवले तर थोडे कमी.

पाणी गेले, पण प्रोटीन जवळजवळ सगळे फोडीतच राहिले. म्हणजे १०० ग्रॅम कच्च्या मांसात जे २० ग्रॅम प्रोटीन होते, तेच आता ७०-७५ ग्रॅमच्या शिजलेल्या तुकड्यात आहे. म्हणून शिजलेले मांस १०० ग्रॅम तोलले तर त्यात २७ ते ३० ग्रॅम प्रोटीन भरते. शिजवल्याने प्रोटीन वाढले असे नाही. पाणी कमी झाल्यामुळे तेवढ्याच वजनात मांस जास्त बसले.

मोबाईलच्या अॅपमध्ये आणि पुस्तकांतल्या तक्त्यांत दोन्ही आकडे दिलेले असतात. 'रॉ' म्हणजे कच्चे आणि 'कुक्ड' म्हणजे शिजलेले. कच्चे तोलले असेल तर कच्च्याचा आकडा घ्यायचा, शिजलेले तोलले असेल तर शिजलेल्याचा. कच्चे तोलून शिजलेल्याचा आकडा लावला तर हिशेबात तीस-चाळीस टक्के प्रोटीन फुकटचे वाढते. ते कागदावर वाढते, अंगाला लागत नाही.

डाळीचेही असेच आहे. तूरडाळीत शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन, हे खरे आहे. पण ते कोरड्या डाळीचे. आपल्या वाटीभर वरणात कोरडी डाळ असते जेमतेम २५ ग्रॅम. म्हणजे वाटीला पाच ग्रॅमच्या आसपास. वरण पातळ केले तर त्याहून कमी. मांस शिजताना पाणी सोडते आणि डाळ पाणी धरते, म्हणून दोघांचे आकडे उलट दिशेने सरकतात.

हाडाचा हिशेब

आपण बाजारातून आणतो ते हाडासकट. हाड ताटाच्या कडेला जाते, पोटात जात नाही. बाजारच्या चिकन-मटणात साधारण पाव ते एक-तृतीयांश वजन हाडाचे असते. अर्धा किलोत १५० ग्रॅम हाड धरले तर खाण्याजोगे मांस राहते ३५० ग्रॅम. मान, पाठ, पंख जास्त आले तर हाड वाढते. मांडी किंवा राण आली तर मांस वाढते. खिम्यात हाड नसते, त्यामुळे तो मोजायला सगळ्यात सोपा.

कोंबडीत आणखी एक खाचखळगा आहे. काही दुकानांत कोंबडी जिवंत तोलतात आणि मग साफ करून देतात. एक किलोची जिवंत कोंबडी साफ झाल्यावर हाडासकट ६५० ते ७०० ग्रॅम भरते. आपण घरी सांगतो 'किलोभर चिकन आणले', आणि पिशवीत असते पाऊण किलोपेक्षाही कमी. यात दुकानदार फसवतोच असे नाही, तो भावच जिवंत वजनाचा असतो. पण आपण विचारावे, "भाऊ, हा भाव जिवंतचा की साफ केलेल्याचा?" आणि साफ करून झाल्यावर पिशवी पुन्हा काट्यावर ठेवायला सांगावी.

सात, पाच, चार

एवढे सगळे आकडे लक्षात कोण ठेवणार? म्हणून आम्ही एक सोपा हिशेब करतो. ज्या अवस्थेत मांस तोलले, त्या वजनाला पुढच्या आकड्याने भागायचे :

हाडासकट कच्चे : भागिले ७
बिनहाडी कच्चे, खिमा : भागिले ५
बिनहाडी शिजलेले : भागिले ४
जिवंत कोंबडी किंवा साफ न केलेला अख्खा मासा : भागिले १०

पडताळून पाहू. हाडासकट कच्चे अर्धा किलो : ५०० भागिले ७, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम प्रोटीन. हाड काढल्यावर ३५० ग्रॅम कच्चे मांस : भागिले ५, पुन्हा ७०. तेच शिजून २५० ग्रॅम झाले : भागिले ४, म्हणजे ६२. शेवटचा आकडा थोडा कमी येतो, पण हिशेबात थोडे कमी धरलेले बरे. हे अंदाज आहेत, सोनाराचा काटा नव्हे. घरच्या कामाला एवढे पुरते.

आता त्या जिमच्या मुलाचा हिशेब लावू. तो २०० ग्रॅम चिकन तोलायचा, तेही कच्चे आणि हाडासकट. अॅपमध्ये मात्र त्याने निवडले होते 'बिनहाडी छाती, शिजलेली'. तिथे शंभर ग्रॅमला ३१ ग्रॅम असतात, म्हणून दोनशेला ६२ दिसायचे. खरे प्रोटीन किती? २०० भागिले ७, म्हणजे साधारण २८ ग्रॅम. निम्म्याहूनही कमी.

त्याचे वजन ५८ किलो. नियमित वजन उचलणाऱ्या तरुणाला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन पुरते. म्हणजे त्याला दिवसाला ७० ते ९३ ग्रॅम हवे. चिकनचे २८, पोळी-भाताचे ३५-४० आणि डाळीचे ५ ते १० मिळून तो सत्तरीच्या घरात होताच. त्यात दोन अंडी आणि मूठभर, म्हणजे कोरडे ३० ग्रॅम सोयाबीन वड्या घातल्या की आणखी २७ ग्रॅम मिळतात. हप्त्याच्या डब्याची गरजच उरली नाही. अंगाला लागायला वेळ लागतो, पुरेशी झोपही लागते, हेही त्याला सांगितले.

काटा नसेल तर : एक फोड, एक अंडे

घरात वजनकाटा नसला तरी अडत नाही. दुकानात तोलून मिळतेच. घरी आल्यावर मसाला लावण्याआधी किंवा पातेल्यात टाकण्याआधी फोडी मोजायच्या. अर्धा किलोच्या साधारण बारा फोडी होतात. ७० ग्रॅम प्रोटीन बारा फोडींत वाटले तर एका फोडीला सहा ग्रॅम येते. एका अंड्यातही सहा ग्रॅमच असते.

म्हणजे एक मध्यम फोड बरोबर एक अंडे. ताटात तीन फोडी आल्या तर तीन अंडी खाल्ल्यासारखे. नुसते नळीचे हाड आले तर अर्धेही धरू नका. नळीतला गर बहुतेक चरबीच असतो. मोठी मांडी आली तर दोन-अडीच फोडी धरा. तळलेल्या चिकनला बेसनाचा किंवा मैद्याचा जाड थर असेल तर तो थर वजनात मोजू नका. बिर्याणीत भाताकडे बघू नका, फोडी मोजा.

रश्श्यात ताकद किती?

आता काकूंच्या रश्श्याकडे येऊ. रश्श्यात पाणी असते, तेल असते, मसाला असतो, मांसातून सुटलेली चरबी आणि क्षार असतात. प्रोटीनचा थोडासा अंश विरघळून उतरतो. पण वाटीभर पातळ रश्श्यात तो एक-दोन ग्रॅमच्या आसपास. शेंगदाण्याचा कूट किंवा खोबरे भरपूर घातले असेल तर थोडे वाढते, ते कुटामुळे. चव सगळी रश्श्यात उतरते, म्हणून ताकदही उतरली असे वाटते. प्रोटीन फोडीत राहिलेले असते.

आजारी माणसाला आणि बाळंतिणीला अळणी पाणी किंवा पायाचे सूप द्यायची आपली रीत आहे. गरम, पातळ, पचायला हलके म्हणून ते जरूर द्यावे. तोंडाला चव येते, अंगात पाणी जाते. पण त्यावर भागवू नये. पायाच्या सुपात जे घट्ट, चिकट उतरते ते जिलेटिन. तेही एक प्रोटीनच, पण अपुरे. शरीराला बाहेरूनच घ्यावा लागणारा एक घटक त्यात नसतोच. म्हणून सुपासोबत मऊ शिजलेले मांस, खिमा किंवा अंडे द्यायलाच हवे. बाळंतिणीला सूप आणि घरातल्या पुरुषाला फोडी, ही वाटणी उलटी आहे.

पाच ताटांचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत याशिवाय २२ ग्रॅम जास्त लागतात आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने १७ ग्रॅम जास्त. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला रोज ४५ ग्रॅम, आणि त्याच वयाच्या मुलीला ४३ ग्रॅम. भावा-बहिणीत फरक फक्त दोन ग्रॅमचा, म्हणजे एका फोडीचाही नाही.

आता एका नेहमीच्या घरातले रविवारचे वाढणे पाहू. अर्धा किलो चिकन, बारा फोडी, खाणारी पाच माणसे. वडिलांना चार, मोठ्या मुलाला चार, मुलीला दोन, आजीला एक आणि शेवटी बसणाऱ्या आईला एक फोड आणि पातेल्यातला रस्सा. मुद्दाम कोणी वाईट वागले असे नाही. आईच वाढते आणि आईच स्वतःला मागे ठेवते. पण हिशेब असा होतो : वडिलांना २४ ग्रॅम, मुलाला २४, मुलीला १२, आजीला ६, आईला ६.

आईचा दिवसभराचा हिशेब लावा. सकाळी दोन पोळ्या : ८ ग्रॅम. दुपारी दीड भाकरी : १० ग्रॅम, आणि वाटीभर वरण : ५. रात्री भात : ६, एक पोळी : ४. दिवसभराच्या चहातले दूध : ३. सगळे मिळून ३६ ग्रॅम. एक फोड धरली तर ४२. लागतात ४६. मटणाच्या दिवशीसुद्धा आई चार ग्रॅमने उपाशी राहिली. तिला दोन फोडी मिळाल्या असत्या तर ४८ झाले असते, आणि घरातल्या कोणाचेही फार काही बिघडले नसते.

घरातली बाई दिवसभर कामावर जाते, पाणी भरते, स्वयंपाक करते, आणि तिलाच सगळ्यात कमी मिळते. मग धाप लागते, चक्कर येते, केस गळतात. यात रक्तातल्या लोहाची कमतरताही असते. मांसातले लोह अंगाला चांगले लागते. फोड गेली की प्रोटीनसोबत तेही गेले. त्या काकूंना आम्ही हिमोग्लोबिन तपासायला पाठवले, आणि मुलाला सांगितले, "अॅपमध्ये आईचंही नाव टाक. तिचाही हिशेब ठेव."

फोडी आधी मोजून ठेवल्या तर वाढताना वाटणी सोपी जाते. आमचे एवढेच म्हणणे आहे की बारातल्या दोन फोडी आईच्या नावाने आधीच बाजूला काढाव्यात. आजीला चावत नसेल तर तिच्यासाठी तिच्या वाट्याचा खिमा करावा किंवा फोड कुस्करून द्यावी. म्हातारपणी प्रोटीन कमी लागते, हा समज चुकीचा आहे. म्हातारपणीच स्नायू झपाट्याने झिजतात.

मासे, सुकट, कलेजी, वजडी

अख्ख्या माशात डोके, काटे, खवले आणि पोटातली घाण मिळून बरेच वजन जाते. म्हणून साफ न केलेल्या माशाच्या वजनाला दहाने भागा. दोनशे ग्रॅमच्या बांगड्यात साधारण २० ग्रॅम धरा. साफ केलेल्या बिनकाट्याच्या तुकड्याला पाचने भागले तरी चालते. ओल्या बोंबलात मात्र पाणी फार असते, म्हणून तो वजनाच्या मानाने कमी भरतो.

तोच बोंबील वाळवला की चित्र पालटते. सुक्या बोंबलात आणि सुकटीत शंभर ग्रॅमला ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन असते. मूठभर, म्हणजे १५ ग्रॅम सुकटीत नऊ ग्रॅम, दीड अंड्याइतके. गरिबाचे म्हणून हिणवले गेलेले हे अन्न हिशेबात कोणाला हार जात नाही. मीठ आणि वाळू काढण्यासाठी ते दोन-तीन पाण्यांतून धुवावे, आणि रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावे.

कलेजीला हाड नसते, म्हणून कच्च्या वजनाला पाचने भागा. लोह भरपूर, म्हणून रक्त कमी असलेल्यांना चांगली. पण गरोदर बाईने कलेजी वारंवार खाऊ नये. त्यात अ जीवनसत्त्व फार असते आणि ते पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. वजडीत मांसापेक्षा प्रोटीन कमी असते, तिला सातने भागा. ती नीट साफ करून पूर्ण शिजवावी.

बाकीचे सहा दिवस

रोज मटण कोणाला परवडते? वर्षावासात किंवा पौर्णिमेला काही घरांत मांस शिजत नाही. म्हणून इतर दिवसांचीही तजवीज हवी. वरच्या हिशेबातल्या आईला मांस नसलेल्या दिवशी दहा ग्रॅम कमी पडतात. एक अंडे आणि मूठभर, म्हणजे २० ग्रॅम शेंगदाणे खाल्ले की ११ ग्रॅम मिळतात. दहा ग्रॅमची गोष्ट एवढीच.

स्वस्त काय आणि महाग काय, हे किलोच्या भावावरून कळत नाही. दहा ग्रॅम प्रोटीनला किती पैसे पडतात ते बघायचे. उदाहरणासाठी काही भाव धरू. तुम्ही तुमच्या गल्लीतले भाव घाला.

बोकडाचे मटण ८०० रुपये किलो धरले तर : ५७ रुपये
चिकन, साफ केलेले हाडासकट, २४० रुपये किलो धरले तर : १७ रुपये
अंडे सात रुपयांना एक धरले तर : १२ रुपये
तूरडाळ १४० रुपये किलो धरली तर : साडेसहा रुपये
शेंगदाणे १४० रुपये किलो धरले तर : सहा रुपये
सोयाबीन वड्या १२० रुपये किलो धरल्या तर : अडीच रुपये

मटण खाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. पाहुणे आले, लेक माहेरी आली, जयंती आहे, तेव्हा मटण हवेच. पण प्रोटीनसाठी म्हणून कर्ज काढून मटण आणायची गरज नाही. अर्धा किलोऐवजी पाव किलो मटण आणि उरलेल्या पैशांत महिनाभर पुरतील एवढे शेंगदाणे, असा विचार करून पाहा. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की एकातली उणीव दुसरे भरून काढते. मात्र पोटभर जेवण मिळालेच पाहिजे. अन्नच कमी पडले तर शरीर प्रोटीन जाळून ताकद काढते आणि बांधणीला काही उरत नाही.

कोणी डॉक्टरांना विचारूनच खावे

किडनीचा आजार असलेल्यांनी या पानावरून प्रोटीन वाढवू नये. डायलिसिस सुरू नसेल तर डॉक्टर बहुधा प्रोटीन बेताने घ्यायला सांगतात, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर उलट जास्त लागते. दोन्ही वेळा मोजणे गरजेचे असते आणि सात-पाच-चारचा हिशेब तिथेही उपयोगी पडतो. पण किती खायचे तो आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. साखर आणि रक्तदाब जुना असेल तर किडनीची तपासणी आधी करून घ्यावी.

क्षयरोगाच्या पेशंटला मात्र प्रोटीन आणि पोटभर अन्न दोन्ही वाढवावे लागते. औषधे नियमित हवीतच, पण वजन वाढल्याशिवाय ताकद परत येत नाही. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. पूर्वी ५०० होते. ते मिळत नसतील तर सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे चौकशी करा, खाते जोडले आहे का ते बघा. त्या पैशांची अंडी, डाळ, शेंगदाणे आणावेत. झारखंडमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे पेशंटच्या ताटासोबत घरातल्या इतरांची ताटेही भरलेली हवीत.

येत्या रविवारी

येत्या रविवारी एवढे करून पाहा. दुकानात साफ केल्यानंतरचे वजन बघा. त्याला सातने भागा. पातेल्यात टाकण्याआधी फोडी मोजा. मग वाढताना कोणाच्या ताटात किती फोडी गेल्या ते मुलांना वहीत लिहायला सांगा. पाचवी-सहावीतल्या मुलाला हा भागाकार सहज जमतो. शेवटच्या ओळीत आईचे नाव लिहा आणि तिच्या पुढचा आकडा बघा. तो कमी आला तर पुढच्या रविवारी वाटणी बदला. आणि पुढच्या तपासणीला वही घेऊन या, आपण मिळून बघू.